पाच चौकटी आणि एक सा

२००९ साली आजीची पेटी विकून माझी गिटार आली.

ऐकायला वाटतं तेवढं ते निष्ठुर नव्हतं. बोरिवली पूर्वेला आमचं वन रूम किचन, राहणारी माणसं पाच. आजीची बोटं संधिवाताने आखडलेली, त्यामुळे पेटी दोन वर्षं चादरीत गुंडाळून कपाटावर पडली होती. आजीच एक दिवस म्हणाली, "देऊन टाका. न वाजणारं वाद्य घरात ठेवू नये." तिच्या भजनी मंडळाच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने ती नेली. आलेल्या पैशांत बाबांनी थोडी भर घातली. मी तेव्हा अकरावीत होते, कानात कायम इअरफोन, आणि पेटी-टाळ-अभंग या सगळ्यापासून जमेल तेवढं लांब जायचं मनाशी ठरवलेलं. गिटार म्हणजे मला त्या लांबच्या गावाचं तिकीट वाटत होतं.

क्लास लावला तो पश्चिमेला, आय. सी. कॉलनीत. आमच्या बाजूने स्टेशनचा पूल ओलांडून पलीकडे गेलं, की थोड्या वेळात गावच बदलल्यासारखं व्हायचं. नाक्यावर क्रूस, बेकरीचा वास, बाल्कनीत नाताळचे तारे. जवळच मंडपेश्वरची लेणी. लेणी शिवाची, सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात. १५३४ साली साष्टी बेट पोर्तुगीजांकडे गेलं आणि पुढे फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याच्या डोक्यावरच मठ आणि चर्च बांधलं. त्याच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. मी दर रविवारी त्या भिंतींवरून जायची आणि त्यांच्याकडे बघायचीही नाही.

शिकवणाऱ्यांना सगळे अंकल म्हणायचे. मूळचे गोव्याचे, सत्तरी ओलांडलेले. हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी पंचवीसेक वर्षं ऱ्हिदम गिटार वाजवली होती. किती गाण्यांत वाजवली ते त्यांनाही आठवत नव्हतं, आणि कुठल्याही कॅसेटच्या कव्हरवर त्यांचं नाव नव्हतं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला एक झेरॉक्स दिली. आडव्या सहा रेघा, उभ्या रेघा, त्यांवर काळे ठिपके. अशा पाच आकृत्या. वर लिहिलं होतं, 'ए मायनर पेंटाटॉनिक'.

गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात हा कागद कधी ना कधी येतोच. आता तो यूट्यूबवरून येतो, एवढाच फरक. पेंटाटॉनिक म्हणजे सप्तकातल्या सात स्वरांपैकी फक्त पाच घ्यायचे. इथे ते ए, सी, डी, ई आणि जी. गिटारला तारा सहा आणि प्रत्येक तारेवर वीसेक फ्रेट, त्यामुळे हे पाच स्वर फ्रेटबोर्डभर विखुरलेले असतात. ते लक्षात राहावेत म्हणून फ्रेटबोर्डचे पाच तुकडे पाडतात. त्यांना बॉक्स म्हणतात, म्हणजे चौकटी. प्रत्येक चौकटीत प्रत्येक तारेवर दोनच जागा. जाड तारेवरून मोजलं तर पहिली चौकट पाचव्या फ्रेटवर सुरू होते, दुसरी आठव्या, तिसरी दहाव्या, चौथी बाराव्या आणि पाचवी पंधराव्या. सतराव्यावर पुन्हा पहिलीच येते. एका चौकटीचा उजवा काठ हा पुढच्या चौकटीचा डावा काठ असतो. चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये भिंत एकच असते ना, तसं.

मी तीन आठवड्यांत पाचही पाठ केल्या. मोबाइलवर ए मायनरचा बॅकिंग ट्रॅक लावायचा आणि वरून खाली, खालून वर धावत सुटायचं. अंकलसमोर मी तसंच सगळं धडाधड वाजवून दाखवलं. त्यांनी ट्रॅक बंद केला.

"आत्ता कुठल्या बॉक्समध्ये आहेस?"

"चौथ्या."

"मस्त. रूट कुठेय?"

मी उत्तर दिलं ते ए. त्यांनी मान हलवली. "तो ट्रॅकचा रूट. ट्रॅक मी बंद केलाय." मग त्यांनी माझ्या हातातून गिटार घेतली, चौथ्या चौकटीतच बोटं ठेवली आणि अंगठ्याने सर्वांत जाड, मोकळी ई तार घुमवत ठेवली. स्वर तेच. कागद तोच. पण खोलीतलं वातावरण बदललं. मगाशी जे रॉकच्या सोलोसारखं वाटत होतं ते एकदम गंभीर, जड, मध्यरात्रीचं झालं.

"आम्ही याला ई-वाला म्हणायचो," अंकल म्हणाले. "तुमच्यात त्याला काहीतरी नाव आहे. आम्हाला स्टुडिओत राग कोणी सांगत नव्हतं, नोट्स सांगायचे."

घरी येऊन मी तेच करत बसले. दुपारचे दोन वाजले असतील. आजी स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिथूनच तिचा आवाज आला, "भरदुपारी मालकंस कशाला गं?"

*

तो कागद मी त्या दिवशी पुन्हा पाहिला आणि आजीला शेजारी बसवून एकेक चौकट तपासली. पद्धत सोपी होती. स्वर तेच पाच ठेवायचे, फक्त 'सा' दरवेळी वेगळ्या स्वराला म्हणायचं.

ए ला सा म्हटलं की होतं सा, कोमल ग, म, प, कोमल नी. हा धानी. १९६१च्या 'हम दोनो'मधलं जयदेव यांचं एक भजन याच रागाच्या आधाराने बांधलेलं आहे. सी ला सा म्हटलं की सा, रे, ग, प, ध. हा भूप, गाणं शिकणाऱ्या पोरांना अगदी सुरुवातीला मिळणाऱ्या रागांपैकी एक. डी ला सा म्हटलं की सा, रे, म, प, कोमल नी. हा मधमाद सारंग, दुपारचा. ई ला सा म्हटलं की सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. हा मालकंस. १९५२च्या 'बैजू बावरा'मधलं नौशाद यांनी रफींकडून गाऊन घेतलेलं भजन आठवा. आणि जी ला सा म्हटलं की सा, रे, म, प, ध. हा दुर्गा.

पाच चौकटी, पाच राग. एकही स्वर आत आला नाही, एकही बाहेर गेला नाही. गंमत म्हणजे गिटारच्या जाडीकडच्या चार मोकळ्या तारा ई, ए, डी, जी याच असतात. म्हणजे मालकंस, धानी, सारंग आणि दुर्गा या चौघांचा सा गिटारवर बोट न लावता मिळतो. फक्त भूपाला स्वतःची मोकळी तार नाही, असं मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

हाताशी गिटार असेल तर हे आत्ताच करून बघा. मोकळी तार घुमवत ठेवायची आणि फक्त तीच बदलायची. कान आपोआप नवं घर शोधतो.

*

सा हलवायच्या या खेळाला भारतीय संगीतात फार जुनं नाव आहे: मूर्च्छना. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त षड्जग्रामाच्या सात आणि मध्यमग्रामाच्या सात अशा चौदा मूर्च्छना सांगितल्या आहेत. स्वरांची रांग तीच ठेवायची आणि सुरुवात दरवेळी पुढच्या स्वरापासून करायची. त्या ग्रंथात एक किंवा दोन स्वर गाळून होणाऱ्या ८४ तानाही मोजल्या आहेत. त्यांतल्या ४९ सहा स्वरांच्या, म्हणजे षाडव, आणि ३५ पाच स्वरांच्या, म्हणजे औडव.

हे त्यांना सहज का सुचलं, ते वाद्याकडे पाहिलं की कळतं. त्या काळची वीणा आजच्यासारखी पडद्यांची नव्हती. ती धनुष्याच्या आकाराची, प्रत्येक स्वराला वेगळी तार असलेली. चौथ्या शतकातल्या समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा तशीच वीणा मांडीवर घेऊन वाजवताना दिसतो. अशा वाद्यावर कुठल्याही तारेपासून सुरुवात केली की नवी मूर्च्छना तयार. बोटांना काहीच नवं शिकावं लागत नाही.

पुढच्या काही शतकांत वाद्यं बदलली. लांब दांडीची, पडदे बसवलेली वीणा आली. एकच सा अखंड घुमवणारा तंबोरा आला. सा खुंटीसारखा पक्का झाला आणि बाकीचे स्वर त्याच्याभोवती कोमल-तीव्र होऊ लागले. सोळाव्या-सतराव्या शतकातले ग्रंथ मूर्च्छनेऐवजी 'मेल' सांगू लागतात. रामामात्याचा 'स्वरमेलकलानिधी' १५५०चा. सतराव्या शतकात व्यंकटमखीने 'चतुर्दंडीप्रकाशिका'त ७२ मेल गणिताने मांडले.

ही कल्पना उत्तरेत रुजवणारा माणूस मुंबईचा. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६०चा, वाळकेश्वरचा. पेशाने वकील. १९०४ साली ते दक्षिणेत फिरले, तिथल्या पंडितांना भेटले, जुन्या पोथ्या पाहिल्या. परत येऊन त्यांनी उत्तरेतले राग दहा थाटांत बसवले आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग मराठीत, गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात लिहिले. संवाद असल्यामुळे ते आजही वाचताना क्लासला बसल्यासारखं वाटतं. थाट हा शब्दही वाद्यावरूनच आला आहे. सतारीचे पडदे सरकवून जी मांडणी करतात, तिला थाट म्हणत. ज्या सतारीचे पडदे सरकवावे लागत नाहीत ती अचल थाटाची. त्या हिशेबाने गिटार हे पक्कं अचल थाटाचं वाद्य आहे.

आता माझ्या झेरॉक्सवरचे पाच राग भातखंड्यांच्या कपाटात कुठे ठेवलेत ते पाहा. भूप कल्याण थाटात. दुर्गा बिलावल थाटात. मालकंस भैरवी थाटात. धानी आणि मधमाद सारंग काफी थाटात. एका कागदावरची पाच भावंडं चार घरांत वाटली गेली. यात भातखंडे चुकले असं नाही. सा एकदा पक्का केला की भूप आणि मालकंस यांचे स्वर खरोखरच वेगळे दिसतात. पण पाच स्वरांच्या रागांनी या पद्धतीला कायम त्रास दिला. भूपात मध्यमच नाही. मग त्याला शुद्ध मध्यमाच्या बिलावलात का घालू नये? तीव्र मध्यमाच्या कल्याणातच का? उत्तर स्वरांत सापडत नाही, तो राग कसा चालतो त्यात सापडतं. त्याचेच पाच स्वर घेऊन चालणारा देशकार भातखंड्यांनी बिलावलात ठेवला. भूपात गंधारावर वजन, देशकारात धैवतावर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. १९६१च्या 'भाभी की चूडियाँ'मधलं सुधीर फडक्यांचं पहाटेचं गाणं भूप की देशकार, यावर आजही लोक तावातावाने बोलतात.

म्हणून चौकट म्हणजे राग नव्हे. चौकट स्वरांच्या जागा सांगते. त्यांपैकी कुठे थांबायचं, कुठे नुसतं शिवून पुढे जायचं, हे कागदावर ठिपक्यांनी दाखवता येत नाही. मला पाच चौकटी तीन आठवड्यांत आल्या. आजीने ज्या आवाजात "मालकंस" म्हटलं तो ओळखायला तिला किती वर्षं लागली असतील, हे मी तेव्हा विचारलं नाही.

*

इथे एक मोह होतो. मला तर जोरदार झाला होता. कॉलेजच्या कट्ट्यावर मी सांगत सुटले, की तुमचं पेंटाटॉनिक आमच्याकडे दोन हजार वर्षांपासून आहे.

मग चीनबद्दल वाचलं. तिथेही पाच स्वरांची जुनी व्यवस्था आहे: गोंग, शांग, ज्यूए, झ, यू. आणि तिथेही पाचांपैकी प्रत्येकाला घर मानून पाच वेगळे प्रकार होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर अनुक्रमे भूप, सारंग, मालकंस, दुर्गा आणि धानी. हंगेरीत बेला बार्टोक आणि झोल्टान कोडाय १९०५नंतर खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची गाणी गोळा करू लागले, तेव्हा सर्वांत जुन्या चालींत त्यांना पाच स्वरच भेटले. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वंशजांनी अमेरिकेच्या दक्षिणेत ब्लूज घडवलं, त्याचाही कणा पाच स्वरांचा. माझ्या झेरॉक्सवरची पहिली चौकट थेट तिथून आली होती. ब्लूजमधून रॉकमध्ये, रॉकमधून शिकवणीच्या पुस्तकांत आणि तिथून बोरिवलीच्या झेरॉक्स मशीनमध्ये.

तेव्हा मालकीचा प्रश्न मी सोडून दिला. त्यापेक्षा मला दुसरा प्रश्न जास्त छळू लागला. अंकलसारखा माणूस पंचवीस वर्षं मालकंस वाजवतो आणि त्याला ते नाव कोणी सांगत नाही, हे कसं घडतं?

*

त्याचं उत्तर मुंबईच्या स्टुडिओंत आहे. पोर्तुगीजांनी गोव्यात चर्चच्या शाळा काढल्या आणि तिथे मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवलं. पिढ्यान्‌पिढ्या कागदावरून संगीत वाचणारे वादक तिथे तयार झाले. विसाव्या शतकात ते मुंबईला आले, आधी हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि मग सिनेमात. सिनेमाला मोठा वाद्यवृंद हवा होता आणि मोठा वाद्यवृंद कागदाशिवाय चालत नाही.

संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवायचा. अरेंजर ती उतरवून घ्यायचा, तिच्यात व्हायोलिनं, ब्रास, गिटार भरायचा आणि प्रत्येकाला त्याचा कागद द्यायचा. शंकर-जयकिशन यांच्या संगीतामागे सेबॅस्टियन डिसोझा होते. फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट अशी कितीतरी नावं होती, जी पडद्यावर क्वचितच आली. पेटीवर जो सा होता तो कागदावर ई किंवा जी शार्प व्हायचा. या भाषांतरात स्वर जसाच्या तसा पोचायचा. त्याचं नाव मात्र वाटेत गळायचं.

ही भिंत पाडायचा प्रयत्न एकाने केला. अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. ते १९४३मध्ये मुंबईत आले आणि व्हायोलिनवादक, अरेंजर म्हणून नाव कमावलं. स्टुडिओत शेजारी बसणाऱ्या हिंदुस्थानी वादकांकडून त्यांनी राग समजून घेतले आणि रागांवर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना लिहिल्या. त्यांत सारंग रागातला एक कॉन्चेर्टोही आहे. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात स्वतःच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. प्रयोग फार काळ टिकला नाही. तुम्हाला हे नाव ओळखीचं वाटत असेल, तर ते १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल लहानपणी त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. त्या गाण्यातून शिष्याने गुरूचं नाव देशभर पोचवलं. गुरूचं संगीत मात्र मागेच राहिलं.

गिटारची गोष्टही याच काळातली. तेव्हा आपल्याकडे जास्त चाललेली गिटार हवाईयन होती. मांडीवर आडवी ठेवून, तारेवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांनी तिच्यावर सिनेमाची गाणी वाजवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर अख्खे राग वाजवले. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या रेकॉर्डवर शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्यासोबत काब्रांची गिटार आहे, आणि त्या रेकॉर्डवर भूपही आहे. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६८मध्ये, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांसोबत रेकॉर्डिंग करत होता.

काब्रांनी हवाईयन गिटारच का घेतली? कारण कांडी सरकवत वाजवताना फ्रेट आड येत नाहीत. दोन स्वरांमधली मींड अखंड निघते. माझ्या साध्या गिटारवर ती सोय नाही, आणि याच दोषावरून एका वाद्याला आपल्याकडे मोठी शिक्षा झाली होती. ते वाद्य म्हणजे पेटी.

*

पेटी मूळची युरोपची, १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये घडलेली. भारतात ती इतकी रुळली की कीर्तनापासून नाटकापर्यंत तिच्यावाचून पान हलेना. पण तिचे स्वर पक्के. त्यांच्यामध्ये मींड नाही, श्रुतींना जागा नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. ती १९७१पासून हळूहळू सैल झाली. ज्यांच्या घरात पेटी होती अशा सगळ्यांना तीस वर्षं रेडिओ सांगत राहिला, की तुमच्या वाद्याला शास्त्रीय संगीतात जागा नाही. लोकांनी काय केलं? ते वाजवत राहिले. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे पुढे स्वतः रेडिओत होते, आणि पेटीचं वेड त्यांनी जन्मभर सांभाळलं.

बंदीमागचा आक्षेप खोटा नव्हता. पेटी आणि गिटार दोन्ही सप्तकाचे सारखे बारा तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा शंभर सेंटचा. भूपातला गंधार तंबोऱ्याशी तंतोतंत जुळवून गायला तर तो सा पासून सुमारे ३८६ सेंटवर येतो. गिटारच्या चौथ्या फ्रेटवर तो ४००वर असतो. चौदा सेंट चढा. ऐकणाऱ्या कानाला हा फरक टोचतो.

गिटारवाल्यांनी यावर जमेल ते उपाय केले. ब्लूजवाले तार बोटाने वर ढकलून स्वर चढवतात. सतारिये तार ओढून मींड काढतात, त्याचीच ही चुलत बहीण. १९७०च्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिनने 'शक्ती'मध्ये झाकीर हुसेन आणि एल. शंकर यांच्यासोबत वाजवताना दोन फ्रेटांमधलं लाकूड वाटीसारखं खोलगट कोरलेली गिटार घेतली, म्हणजे तार वीणेसारखी खोल दाबता येईल. वर ढकलून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. त्यामुळे चढा गंधार चढाच राहतो. पण त्याच्याकडे जाण्याची वाट तरी गोलाईची होते.

मी हे सगळं वाचलं तेव्हा एक गोष्ट जाणवली आणि जरा लाजही वाटली. पेटीपासून लांब जायचं म्हणून मी गिटार घेतली होती. आणि आणलं काय, तर तोच दोष असलेलं, तसंच युरोपातून आलेलं, तसेच पक्क्या पडद्यांचं वाद्य.

*

२०१४च्या आषाढी एकादशीला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आजीच्या मंडळाचं भजन होतं. पेटीवाले काका आयत्या वेळी आले नाहीत, लोकल कुठेतरी अडकली होती. आजी म्हणाली, "तुझी ती आण."

"तुझा सा कुठला?" मी विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच.

"काळी चार."

काळी चार म्हणजे गिटारच्या भाषेत जी शार्प. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की मोकळी जी तार बरोबर काळी चारला बोलते. आजीला भूपातला अभंग म्हणायचा होता. मी मनातल्या मनात जी ला सा मानून हिशेब केला आणि डाव्या हाताची बोटं कुठे ठेवायची ते शोधू लागले. ती ठेवायची गरजच नव्हती. जाड तारेपासून मोकळ्या सहा तारा होत्या: ध, रे, प, सा, ग, ध. भूपाचे पाचही स्वर, एकही परका नाही. गिटार ज्या सुरांत जगभर लावतात त्या मोकळ्या तारांतच अख्खा भूप बसलेला होता. भूपाला मोकळी तार नाही असं मी वहीत लिहिलं होतं, कारण माझा सा त्या झेरॉक्सवर छापलेला होता. तो हलवून बघायचं मला सुचलंच नव्हतं.

मी नुसत्या तारा छेडत राहिले. आजीने डोळे मिटून सा लावला. बायकांनी टाळ धरले. पेटीवाले काका पोचले तोपर्यंत अर्धा अभंग झाला होता. ते दारातच चप्पल काढून उभे राहिले, आत येऊन पेटी उघडली नाही.

भजन संपल्यावर प्रसादाची वाटी माझ्या हातात देत आजी म्हणाली, "आवाज जरा बारीक आहे हिचा. पण सा नीट सापडला."

अंकलना हे सांगायला मी पुढच्या रविवारी पूल ओलांडून गेले. त्यांनी कॅपो लावला, सहा मोकळ्या तारा छेडल्या आणि मला म्हणाले, "नाव सांग याचं." मी सांगितलं. त्यांनी पेन मागितलं, जुनी झेरॉक्स काढली आणि पाचही चौकटींखाली माझ्याकडून एकेक नाव रोमन लिपीत लिहून घेतलं.